शेजारची तार

पाव सायकलवरून दारोदार यायचा, तेव्हाची गोष्ट. इनास पाववाल्याच्या सायकलच्या मागच्या चाकात एक नवी तार बसली. तिच्या शेजारची तार जुनी होती, गंजलेली.

"आजी, तुम्ही आता आराम करा. तुमच्या वाटचं मी ओढते," नवी म्हणाली आणि अंग ताठ करून दोघींचा भार एकटीच ओढू लागली.

आजी सैल पडली, खड्ड्याखड्ड्याला खुळखुळू लागली. बिचारी थकलीय, असं वाटून नवीने आणखी जोर लावला. तसं चाक डुलायला लागलं. एका सकाळी चढावर सायकल अशी कलली, की पावांची टोपलीच पडायची. इनास ती ढकलत बरकत मिस्त्रीकडे घेऊन गेला.

मिस्त्रीने एकेक तार बोटाने छेडून पाहिली. तो आजीपाशी थांबताच नवी कळवळली, "त्यांना नका हो आवळू!"

पण मिस्त्रीने चावी आधी लावली ती नवीला. तिला थोडं सैल केलं, मग आजीला हलकेच आवळलं. चाक सरळ फिरू लागलं.

"फार दुखलं का हो, आजी?" नवीने विचारलं.

"आत्ता नाही गं," आजी म्हणाली. "नुसती खुळखुळत बसले होते ना, तेव्हा दुखत होतं."