गारगोटीची राजकन्या

एका राज्यात राजकुळातल्या बाळाचं बारसं असलं, की नाव आधी ठेवत नसत. आधी राजगुरू बाळाच्या छातीला कान लावत. ठोका मऊ पडला, तर चौघडा वाजे आणि गावजेवण होई. पण ठोक्यामागून खट्ट असा दगडाचा आवाज आला, तर चौघडेवाले मुकाट्याने घरी जात.

त्या आवाजामागे जुनी कथा होती. सात पिढ्यांपूर्वी चंडकेतू नावाच्या राजाने एका मांत्रिकाच्या कोवळ्या लेकराला देशोधडीला लावलं. मांत्रिक पाया पडला, रडला. राजा म्हणाला, "तुझं रडणं मला ऐकू येत नाही." मांत्रिक म्हणाला, "मग तुझ्या वंशालाही कुणाचं ऐकू न येवो. तुझ्या रक्तात गारगोटी उतरेल." तेव्हापासून दर पिढीत एखादं मूल छातीत गारगोटी घेऊन जन्मू लागलं. शाप देणाराही सुटला नाही. शाप संपेपर्यंत त्याला भारद्वाज पक्षी होऊन राजवाड्याच्या कुंपणात राहावं लागलं.

यावर राज्यातल्या शहाण्यांनी उपाय काढला. दगड दगडानेच फुटतो, म्हणाले. गारगोटीच्या मुलाला पाचव्या वाढदिवशी मेण्यात बसवून गारगड नावाच्या डोंगरी किल्ल्यावर पाठवायचं. तिथे त्याला कुणी मांडीवर घ्यायचं नाही, गोड बोलायचं नाही, चुकलं की फटका द्यायचा. तिथून परतलेलं एकूणएक मूल क्रूर निघालं. दर वेळी शहाणे म्हणाले, "पाहा, शाप किती कडक आहे. फटके वाढवा." शहाण्यांचं काय, ते कधी चुकत नाहीत.

अशा राज्यात राजा मणिशेखर आणि राणी चारुमती यांना मुलगी झाली. राजगुरूंनी कान लावला आणि मान खाली घातली. मुलीचं नाव कुमुदिनी ठेवलं, पण ते कुणी मोठ्याने घेतलं नाही.

कुमुदिनी चार वर्षांची झाली. दिसायला गोड, बोलायला चुरुचुरु. एके दिवशी तिने कबुतराचं पिलू हातात घेऊन त्याची मान हळूहळू पिळली. ते धडपडायचं थांबलं, तशी तिने ते खाली टाकलं आणि खाऊ मागितला. राणी ते लांबून पाहत होती. मुलगी भीतीदायक होती आणि तिचीच होती. वर्षभराने मेणा येणार होता. गडावर पाठवली तर ती राक्षसीण होऊन परतणार, आणि घरी ठेवली तर काय होईल, ते कुणीच पाहिलेलं नव्हतं.

राणी कुंपणापाशी गेली आणि भारद्वाजापुढे हात जोडून उभी राहिली.

"शाप मागे घ्या," ती म्हणाली.

"दिलेला शाप मागे येत नाही," पक्षी म्हणाला. "पण शाप मी फक्त गारगोटीचा दिला होता. बाकीचं तुम्ही केलंत. तीन कामं कर. पहिलं, गारगडावरच्या तुझ्या दिराला विचार, की त्याला चौथ्या वर्षातलं काय आठवतं. दुसरं, ज्याच्या छातीत गारगोटी आहे आणि ज्याला पाहून लोक दार लावून घेत नाहीत, असा माणूस शोध. तिसरं काम ही दोन झाल्यावर सांगेन."

राजाचा थोरला भाऊ रणकेतू गारगडावर वाढला होता. खाली उतरल्यावर त्याने तीन गावं जाळली, म्हणून त्याला पुन्हा गडावरच लोखंडी गजांमागे ठेवलं होतं. राणी गजांपासून चार हात लांब उभी राहिली.

"भावोजी, चौथ्या वर्षातलं काय आठवतं?"

रणकेतू म्हणाला, "कबुतर मारलं होतं मी. ते आईसाहेबांनी पाहिलं. त्या दिवसापासून त्या मला जवळ घेईनात. लांबून बघायच्या, वहिनी. आत्ता तुम्ही बघताय ना, तशाच."

राणीला रडू आलं आणि ती नकळत एक पाऊल पुढे गेली.

"पुढे येऊ नका," तो शांतपणे म्हणाला. "मी गळा धरीन. तुम्ही मेलात तरी मला काही वाटणार नाही. माझं आता होऊन गेलं आहे."

राणी मागे सरली. पहिलं काम झालं, पण तिच्या काळजीत भरच पडली.

दुसऱ्या कामासाठी ती गावोगाव फिरली. शेवटी एका म्हाताऱ्या सुइणीने कबुली दिली, की रणकेतू जन्मला तेव्हा त्याच्या पाठोपाठ दुसरं मूल आलं होतं, अगदी तोच चेहरा, तोच खट्ट आवाज. दोघांचीही गडावर रवानगी नको, म्हणून तिने ते पाटीखाली झाकून घरी नेलं आणि स्वतः वाढवलं. त्याचं नाव नागदेव. तो आता पंचक्रोशीत नावाजलेला हाडवैद्य होता.

राणी गेली तेव्हा नागदेव एका गुराख्याचा मोडलेला पाय ओढून बसवत होता. गुराखी ओरडत होता, बघणारे डोळे झाकत होते. नागदेवचा हात हलला नाही.

"तुम्हाला याची दया येत नाही?" राणीने विचारलं.

"नाही, राणीसाहेब," तो म्हणाला. "तुम्हाला येते तशी आपसूक येत नाही. लहानपणी मी शेळीच्या पायावर धोंडा घातला होता. आईनं मला मारलं नाही, हाकललंही नाही. शेळीजवळ बसवलं आणि म्हणाली, हिचं दुखायचं थांबेपर्यंत इथून उठायचं नाही. स्वतःही शेजारी बसली. नऊ दिवस बसलो आम्ही. शंभरदा तरी असं झालं असेल. जे तुम्हाला न शिकवता येतं, ते मी पाढ्यांसारखं पाठ केलं."

राणी परतली. भारद्वाज म्हणाला, "आता तिसरं काम. मेणा येऊन परत जाईपर्यंत मुलीवर हात उचलायचा नाही, तिच्याकडे पाठ फिरवायची नाही, आणि तिच्याशी खोटं बोलायचं नाही. यातलं एक जरी मोडलं, तरी गारगड आहेच."

ऐकायला सोपं वाटतं. करून पाहावं म्हणजे कळतं. कुमुदिनीने दासीचे केस पेटवले. राणी तिला घेऊन दासीजवळ बसली. तिने मांजर कोंडलं. राणी तिला घेऊन मांजराजवळ बसली. कुमुदिनी जांभया देई, कधी आईला चावे. राणीला अन्न गोड लागेना. मनातल्या मनात ती म्हणे, हिला काहीच कळत नाही, मी दगडावर पाणी घालते आहे.

वर्ष सरता सरता कुमुदिनीने माळ्याच्या दोन वर्षांच्या मुलाला हौदात ढकललं. माळ्याने उडी मारून त्याला काढलं. राणी धावत आली. तिचा हात वर जाणार, तोच तिने तो दुसऱ्या हाताने घट्ट धरला. कुमुदिनी मान वर करून फटक्याची वाट पाहत होती. फटका आला नाही. राणी तिला घेऊन त्या निळ्या पडलेल्या पोराजवळ बसली, ते गरम होईपर्यंत तीन प्रहर.

आणि पाचवा वाढदिवस उजाडला. मेणा दारात आला. दरबार भरला. राजगुरूंनी कुमुदिनीच्या छातीला कान लावला. "गारगोटी तशीच वाजते आहे. मुलीला मेण्यात बसवा."

"ती जाणार नाही," राणी म्हणाली.

कुमुदिनी आईकडे पाहत होती. "आईसाहेब," तिने सगळ्यांदेखत विचारलं, "तुम्ही मला घाबरता का?"

राणीने मेण्याकडे पाहिलं. हो म्हणावं, तर राजगुरू म्हणणार, आईच भिते, मग न्या. नाही म्हणावं, तर ते खोटं, आणि तिसरं काम मोडलं. राजाही तिच्याकडे डोळे लावून होता.

"हो, बाळ," राणी म्हणाली. "घाबरते. रोज घाबरते. तरी मी तुला सोडणार नाही."

"ऐकलंत?" राजगुरू म्हणाले. "उचला मेणा."

"मीपण घाबरते," कुमुदिनी म्हणाली.

"कुणाला?" राजाने विचारलं.

"मला. तो हौदातला मुलगा खूप कापत होता. मी नव्हतं करायला पाहिजे." तिचे डोळे कोरडे होते. ती आठवून आठवून, एकेक शब्द जुळवत बोलत होती. "पुन्हा माझा हात तसं करायला लागला, तर आईसाहेब, तुम्ही धराल का?"

राणीने तिला उचलून उराशी धरलं. चंडकेतूच्या दरबारात दुसऱ्याचं दुःख ऐकलं गेलं, तसा शाप संपला; कुंपणात भारद्वाजाची पिसं गळून पडली आणि तिथे एक म्हातारा माणूस उभा राहिला. सात पिढ्यांनी मोकळा झालेला तो मांत्रिक खाली बसून आपल्या लेकरासाठी रडला. या वेळी ते रडणं सगळ्या दरबाराला ऐकू आलं.

राजा सिंहासनावरून उतरला. त्याने मेणा फोडायला लावला आणि गारगडाची रीत बंद केली. रणकेतूचे गज मात्र काढता आले नाहीत. राजा दर अमावास्येला गडावर जाऊन गजांपाशी बसू लागला. रणकेतू कधी बोले, कधी पाठ करून निजे. राजा तरी बसे.

कुमुदिनी पुढे त्या राज्याची राणी झाली. शाप संपला तरी जन्माची गारगोटी तिच्या छातीत मरेपर्यंत वाजत राहिली, पण तिच्या राज्यात कुणाचं लेकरू देशोधडीला लागलं नाही. शिक्षा सुनावण्याआधी ती त्या माणसाच्या घरी जाऊन दिवसभर बसे. लोक म्हणत, राणी थंड आहे, पण राणी येते.

ज्यांच्या घरी असं लेकरू असेल, त्यांना बळ मिळो. ज्यांच्या घरी नसेल, त्यांनी शहाणपण सांगायला जाऊ नये. ही कहाणी इथे थांबली, ऐकणाऱ्यांनी आपापल्या लेकरांकडे जावं.