येसूचा दगड

थांबा पावणं, गोठ्यात असं मुकाट्यानं शिरू नका. आधी हाक मारा. "आलो रे बाबा" म्हणा, काहीही म्हणा, पण आधी तुमचा आवाज आत गेला पाहिजे आणि मागनं तुम्ही. आमच्या घोंडेवाडीत जावई आला तरी त्याला हीच शिस्त. आणि ही भिंत बघा. खाली परातीएवढा चपटा दगड दिसतो ना, त्याला चिखल लावलेला नाही. बाहेरून ओढला की निघून येतो. गावातल्या एकूणएक गोठ्याला असा दगड आहे, त्याला येसूचा दगड म्हणतात. बसा कट्ट्यावर, सांगते. मला हे सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं.

फार मागं म्हणे इथं हैबती नावाचा शेतकरी होता. जमीन टीचभर, पण दावणीला बिजल्या नावाचा खिलारी खोंड. पांढराधोट, हातहातभर शिंगं. हैबतीनं त्याला वासरू असल्यापासून हातानं भरवलेलं. जेवताना पहिला घास बिजल्याला आणि मग स्वतःला, असं वेड. त्याच्यासाठी हैबतीनं पुरुषभर उंचीचा गोठा बांधायला काढला. त्याची बायको येसू दगड हाती देत होती. ती म्हणाली, "माणसाला निसटायला एखादी वाट ठेवा की."

हैबती हसला. "माझ्या बिजल्यापासनं निसटायला मी काय चोर हाय?"

तो भाकरी खायला बसला तेवढ्यात येसूनं मागच्या भिंतीत खालच्या अंगाला एक चपटा दगड नुसताच टेकवला, त्याच्यावर लांब शिळा आडवी टाकली आणि दोन्ही अंगांनी शेणानं सारवून घेतलं. बायका अशाच असतात हो, वाद घालत बसत नाहीत, करून मोकळ्या होतात. हैबतीला पत्ता लागला नाही.

मग आला बेंदूर, आमच्याकडचा बैलांचा सण. बिजल्याला न्हाऊमाखू घातलं, शिंगांना हिंगूळ लावला. नवं दावं बांधायचं म्हणून हैबतीनं जुनं सोडलं, आणि तेवढ्यात दारात हलगी वाजायला लागली. गडी भुलला. खोंड मोकळा सोडून घरात गेला, नवं धोतर नेसला, नवा फेटा बांधला, कुणीतरी अत्तराचा फाया कानात घातला. तसाच नटूनथटून गोठ्यात आला आणि बिजल्याच्या पाठीमागनं पार मागच्या भिंतीपर्यंत गेला, तोही हाक न मारता. जनावराला काय कळणार कोण आहे ते? ना तो वास, ना तो आवाज, बाहेर हलगीचा कडकडाट. बिजल्या गर्रकन फिरला आणि त्यानं हैबतीला मागच्या भिंतीला रेटलं.

देवाची करणी बघा, एक शिंग उजव्या बरगडीजवळून गेलं, दुसरं डाव्या. मधी हैबती. दार खोंडाच्या पल्याड. लोक दारातनं काठ्या आपटायला लागले, तसा बिजल्या जास्तच बिथरला. हैबतीच्या तोंडातनं आवाज निघेना. जोर घेण्यासाठी खोंड मागं सरकू लागला. आता येणार ते शिंग छातीतच.

येसू दाराकडं गेलीच नाही. ती वळसा घालून मागं धावली, शेणाचा पापुद्रा नखांनी खरवडला आणि दगड ओढून काढला. आत हात घालून तिनं नवऱ्याचा पाय धरला. "खाली बसा. पाय बाहेर काढा." हैबती भिंतीला घसटत खाली आला, तिनं ओढला आणि तो बाहेर पडला. त्याच क्षणाला शिंग शिळेवर आदळलं. आतल्या अंगाला चरा आहे, हाक मारून आत गेलात की बोट घालून बघा. हा जुना गोठा हैबतीचाच आणि ती शिळा हीच, असं सांगतात.

लोक कुऱ्हाडी घेऊन निघाले. येसू आडवी आली. तिनं हैबतीचा फेटा उतरवला, त्याचं जुनं घोंगडं त्याच्या खांद्यावर टाकलं आणि हलगी बंद करायला लावली. हैबतीनं बाहेरूनच हाक मारली, "बिजल्या, अरं मी हाय." खोंडानं कान टवकारले आणि म्हणे शेपटी खाली सोडून तो उभा राहिला. अंग थरथरत होतं त्याचं.

हैबती त्या भोकाकडं बघत राहिला. म्हणाला, "ह्यो दगड सुटा कसा?"

"तुमाला बिजल्याचा भरवसा हुता," येसू म्हणाली, "मला तुमी पायजे हुता."

दुसऱ्या दिवशी हैबतीनं भिंतीची डागडुजी काढली. सगळे दगड बसवले आणि त्या जागेपाशी येऊन तो बाजूला झाला. म्हणाला, "हितला तू ठेव."

आजही आमच्याकडं गवंडी सगळी भिंत रचतो आणि तेवढी जागा सोडून घरच्या बाईला बोलावतो. नवी सून आली की उंबरा ओलांडायच्या आधी तो दगड ओढून बघते, निघतोय का. बेंदराला बैल धरणारा गडी जुन्या कपड्यांतच असतो, मग बाकीचे कितीका मिरवेनात. माझ्या सुनेनं गेल्या साली सिमेंटचा गोठा बांधला. गवंडी परगावचा, भिंत पुरी करून मोकळा झाला. सुनेनं त्याला छिन्नी घ्यायला लावली आणि भिंत फोडून घेतली. माझा लेक शेजारी उभा राहून हसत होता. हसेना का, गोठ्यात रोज तोच जातो.