मिठामागं चढलेली मडकी

फार पूर्वी घाटावरच्या एका गावात गेनबा नावाचा कुंभार राहायचा. डोकं भट्टीसारखं, मन ओल्या मातीचं.

त्या गावात पिढ्यान् पिढ्या राजाचा कोठीवाला पारावर उभा राहून सगळ्या मालाचा भाव ओरडायचा. तेल एवढ्याला, गूळ एवढ्याला. ऐकायचं आणि घ्यायचं. मग नवा राजा आला. म्हणाला, "कोठार बंद. आता तुमचा बाजार तुम्हीच चालवा." आणि तांब्याचे नवे पैसे पाडून दिले.

पण सवय अशी जाते व्हय? कोठीवाला गेला, तर लोक मिठवाल्याचं ऐकायला लागले. तो पारावर जेवढा भाव चढवील, तेवढा बाकीच्यांनी चढवायचा. डोकं चालवायचं कामच नाही.

मीठ यायचं घाटाखालून, बंदरावरून. बंदरावर तांबं कोण विचारतो? तिथं चांदीच लागायची. एके साली राजानं तांब्याचे पैसे नको तेवढे पाडले. चांदीच्या एका नाण्याला दहा पैसे पडायचे, ते वीस पडायला लागले. मिठवाला बिचारा करील काय? ओरडला, "मीठ दुप्पट!"

"तेल दुप्पट!" दौलू तेली ओरडला. तीळ गावचे, घाणा गावचा, बैलसुद्धा गावचाच!

"गूळ दुप्पट!" गूळवाली ओरडली.

मग आमचा गेनबा कशाला मागं राहतोय? "मडकी दुप्पट!"

घरी बायको यसू कमरेवर हात ठेवून उभीच होती. "मडकी का वो चढवली? माती काय बंदरावरनं आणता?"

"सगळ्यांनी चढवलं. मी एकटाच येडा हाय व्हय?"

"न्हाई, तुम्ही लय शाने! आपली सगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतीया. तिला तेल-गूळ कुठनं आणायचा, त्ये बी सांगा."

दुप्पट भावाची मडकी कोण घेणार? बाया फुटक्या काठाच्या मडक्यांवरच भागवायला लागल्या. अंगणात मडक्यांची उतरंड तशीच पडून राहिली.

पुढं घाटावरचा मध बंदरावर झकास खपला. गावात चांदी आली आणि नाणं परत दहा पैशांवर आलं. मिठवाला ओरडला, "मीठ पहिल्या भावानं!"

आणि सगळा बाजार बहिरा! कुणी तोंड उघडेना.

"आधी तेल्यानं उतरवावं," गूळवाली म्हणाली.

"आधी कुंभारानं," तेली म्हणाला.

तेवढ्यात सगुणा माहेरी आली. तोंड सुकलेलं. कोरडी भाकरी मोडत म्हणाली, "आबा, मला कोरडीच आवडती."

खोटारडी कुठली! गेनबानं तिच्याकडं बघितलं आणि त्याचं डोकं फिरलं. मडकं उचललं आणि तडक पारावर गेला.

"मडकी पहिल्या भावानं! मातीला चांदी लागत न्हाई!"

"आरं येड्या, बुडशील!" दौलू ओरडला.

"बुडलो तर माझ्याच रांजणात बुडीन! तू तुझ्या तिळाला इचार, त्यानं बंदर बघितलंय का कधी?"

बाजार खो खो हसला. बायांची झुंबड उडाली. उतरंड हां हां म्हणता मोकळी झाली.

सांजच्याला दौलू खाली मान घालून आला. त्याला तेलाला घागरी पाहिजे होत्या.

"घे की, पहिल्याच भावानं," गेनबा म्हणाला. "पर आत दुप्पट भावाचं तेल भरणार असशील तर घागर खाली ठेव आन् चालू लाग."

दौलूनं डोकं खाजवलं. "तोंड लय वाईट हाय तुझं, गेनबा." पण घागर काही खाली ठेवली नाही.

पुढल्या बाजाराला तेल उतरलं. मग गूळवाली एकटी किती ताणणार? तीही उतरली. सगुणाच्या ताटात गुळाचा लाडू आला, आणि थोड्या दिवसांनी मांडीवर लेक आली. तिला माखायला तेल घेऊन कोण आलं असेल? दौलूच! गेनबा पैसे द्यायला गेला तर त्याच्यावरच खेकसला, "ठेव तिकडं. माझी बी नातच हाय ती."

तात्पर्य: बाहेरचं महाग झालं म्हणून ज्याला झळच लागली नाही त्यानं भाव चढवू नये, आणि स्वस्त झालं की दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत न बसता आपला भाव आपणच आधी उतरवावा, कारण त्या चढ्या भावात शेवटी आपलीच लेक कोरडी भाकरी खाते.