सात नंबरचा हट्ट

एका तालुक्याच्या दूध संघात निर्मला आढाव नावाच्या बाई संगणक विभाग सांभाळत. संगणकातल्या कर्मचारी-नोंदीत ‘कायम’, ‘रजेवर’ अशा प्रत्येक शेऱ्याला एक आकडा असे, आणि यंत्रे तो आकडाच वाचत. शेरा बंद झाला तरी त्याचा आकडा दुसऱ्या शेऱ्याला द्यायचा नाही, हा बाईंचा नियम होता.

नवे कार्यकारी संचालक इंगवले साहेब रुजू झाले. आपल्या नावापुढे ‘सर्वोच्च अधिकारी’ असा नवा शेरा हवा आणि त्याचा आकडा सातच हवा, असे त्यांनी फर्मावले. सात त्यांना लाभायचा.

“सात पूर्वीच एका शेऱ्याला दिलाय, साहेब.”

“तो शेरा चालू आहे?”

“नाही. दोन वर्षांपूर्वी बंद केला.”

“मग अडचण कसली? संध्याकाळपर्यंत सात द्या, नाहीतर घाटावरच्या संकलन केंद्रात बदली समजा.”

बाईंच्या मुलीची यंदा दहावी होती. तरी आवाज चढू न देता त्या म्हणाल्या, “देते, साहेब. फक्त लेखी हुकूम द्या, आणि उद्यापासून घरूनच काम बघा.”

“घरून का?”

“तो शेरा ‘निलंबित’ असा होता. फाटकावरचं यंत्र जुनं आहे, ते अजून सातचा अर्थ तोच लावतं आणि दार उघडत नाही. तुम्ही कोण आहात ते मला कळतं, साहेब. त्याला फक्त सात कळतो.”

साहेबांनी खिडकीतून फाटकाकडे पाहिले.

“कोरा आकडा कोणता आहे?” त्यांनी अखेर विचारले.

“एकेचाळीस.”

“तोच टाका,” साहेब म्हणाले. बदलीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.