धरलेलं पाणी

“मग डबा बंद करू की चालू ठेवू, तात्या?”

देवयानीनं तिसऱ्यांदा विचारलं. तिचे पोहण्याचे कोच तात्या इनामदार टँकच्या काठावरच्या बाकावर बसले होते, पाय समोरच्या स्टुलावर. ते पाण्याकडे बघत होते... तिच्याकडे नाही.

बाईसाहेबांना एवढं विचारत बसायची सवय नव्हती. शंभर मीटर फ्रीस्टाईलला अख्ख्या सांगली जिल्ह्यात तिच्या जवळपास कुणी नव्हतं, आणि ते ती कुणाला विसरू द्यायची नाही. पण रविवारी राज्य संघाची निवड चाचणी होती. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मनातून ती पार टरकली होती.

“क्रिएटिन आहे, तात्या. ताकदीची पावडर. त्यावर बंदी नाही. सगळे घेतात.”

“मी कुठं म्हणलं बंदी आहे?”

“सरावात फरक पडलाय. दहावा स्प्रिंटसुद्धा पहिल्यासारखा जातो. पण वजन दीड किलोनं वाढलंय. आणि एकच शंभर लावलं की... जानेवारीपेक्षा मागं आहे मी.”

“किती?”

“तीन दशांश सेकंद.”

तेवढ्या वेळात माणसाची पापणी लवते, आणि पोरीचं तोंड महिनाभर उतरलेलं.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“घाबरू नको म्हणाले. स्नायूंनी पाणी धरलंय, एवढंच.”

“काय धरलंय?”

“पाणी.”

तात्या हसले. कितीतरी महिन्यांनी हसले.

चौदा वर्षं त्यांनी तिला एकच गोष्ट शिकवली होती. हात पुढं टाकला की तळव्याखाली पाण्याचा भार लागला पाहिजे, तरच अंग पुढं जातं. त्याला ते पाणी धरणं म्हणायचे. काठावरून घसा फोडून ओरडायचे, “धर! पाणी धर!”

तात्यांनी वाकून नडगीवर अंगठा दाबला. उचलला. खळगा तसाच राहिला... भरून येईना.

“मीपण धरलंय बघ. हृदय दमलंय म्हणतात.”

देवयानीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभर ती त्यांच्यासमोर डब्याचं पुराण लावत होती. हे पाय तिनं धड पाहिलेसुद्धा नव्हते.

“दुखतं का हो?”

“जड वाटतं.”

ती खाली बसली. तो सुजलेला पाय तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“डबा सोडला तर आहे तेही जाईल असं वाटतं, तात्या. आणि नाही सोडला तर...”

तात्यांची नजर परत पाण्याकडे गेली.

“रविवारी तुम्ही काठावर असाल ना?”

शनिवारी त्यांना मिरजेला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. तिला ते माहीत होतं. तरी तिनं विचारलं.

“तात्या...?”

त्यांनी तिची बोटं एकेक करून आपल्या पायावरून सोडवली.

“धर, धर म्हणून ओरडत राहिलो गं,” ते म्हणाले. “सोड म्हणायचं राहूनच गेलं.”