टिटवीची राखीव जागा

त्या मुलखात आगगाडी येणं केव्हाच बंद झालं होतं. रूळ गंजले, फलाटावर गवत माजलं आणि रुळांमधल्या खडीत टिटवीनं चार अंडी घातली. घरटं असं नाहीच. खडीत खडीच्याच रंगाची अंडी. शेजारून गेलेल्या मुंगसालाही ती दिसली नव्हती, याचा तिला कोण अभिमान!

तिथला राजा मोर. त्यानं ठरवलं, या ओसाड जागेची बाग करायची. राजा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. जुनं काही हलवायचं नाही, खडीसुद्धा जागच्या जागी राहील, फक्त तिच्यावर चकचकीत रोगण चढवायचं, असा त्याचा हुकूम होता. "माझी पिल्लं आहेत हो त्या खडीत!" म्हणून टिटवी दरबारात जाऊन रडली.

राजा दरबार घेऊन स्वतः आला. "बाई, अंडी कुठं आहेत तेवढं दाखवा. त्या जागेला कोणी हात लावणार नाही."

तिला दाखवायचीच होती. पण एवढे पाय खडीकडे वळलेले पाहिले मात्र, तिचा पंख आपोआप लोंबला आणि ती लंगडत, ओरडत भलतीकडेच पळत सुटली. अंड्यांवरून शत्रूचं लक्ष वळवायला तिच्या आईनं, आजीनं हेच केलं होतं. अख्खा दरबार तिच्यामागून जुन्या सिग्नलपाशी गेला. तिथल्या रिकाम्या जागेभोवती राजानं मोठ्या आदरानं कुंपण घालायला लावलं.

"अगं, दाखवली का नाहीस?" नवरा कळवळला.

"तुम्ही तरी कुठं दाखवलीत? तारेवर बसून माझ्याहून जास्त बोंबलत होतात!"

"सकाळी जाऊन नीट सांगू," तो म्हणाला. पण रोगणाच्या कामावर नेमलेली राजाची वानरं चटपटीत. उजाडताच ती ब्रश घेऊन हजर झाली. दोघं पुन्हा ओरडत भलतीकडे धावली. "घाबरू नका बाई, तुमची अंडी कुंपणात सुखरूप आहेत," वानरं म्हणाली. संध्याकाळपर्यंत कुंपणाबाहेर एक दगड कोरडा राहिला नाही.

बाग खुली झाली. कुंपणापाशी ही गर्दी! आया पोरांना उचलून धरत होत्या. "नीट बघ, दिसतील अंडी."

टिटवी पलीकडे चार चकचकीत गोट्यांवर बसून होती. राखणदार कावळा आला. "अहो बाई, रोगण खराब होतंय. उठा. तुमची जागा तिकडं."

तो आणखी जवळ आला, तसा तिचा पंख लोंबला. ओरडत, लंगडत ती कुंपणाकडे निघाली, आणि गर्दीनं बाजूला सरून तिला वाट करून दिली.