शंखबंदराचा घरचा माल

एका बैलाने घात केला! घाटावरून हळद घेऊन आलेल्या त्या बैलाने शंखबंदराच्या राजाच्या नव्याकोऱ्या जरीच्या जोड्यावर शेण टाकलं आणि कीर्तिपाल राजाने तिथल्या तिथे हुकूम सोडला, "आजपासून एकही बैल वेशीच्या आत येता कामा नये!"

झालं! लमाणांचा ऐंशी बैलांचा तांडा वेशीबाहेर खोळंबला. चार दिवसांत चारा संपला. भुकेली जनावरं बघून तांड्याच्या नाईकाची लेक राही कळवळली आणि तडक दरबारात गेली.

"महाराज, बैल अडवलेत तर बंदर ओस पडेल."

राजा मिशीत हसला. "अगं पोरी, हे शहर वाढवलंय समुद्रानं! गलबतं येतात, गलबतं जातात. तुझ्या बैलांचा काय संबंध?"

"येतील खरी, महाराज. पण जाताना नेतील काय?"

दरबारात खसखस पिकली. राजाला ते चांगलंच झोंबलं.

"फार बोलतेस! मग तूच भर. अरबस्तानातून जुबेर नाखुदा खजूर घेऊन आलाय. उद्याच्या भरतीपर्यंत त्याचं गलबत काठोकाठ भरून दाखव. बैल नको, बैलावरचं पोतंही नको! जमलं तर वेस उघडेन. नाहीतर तांडा माघारी!"

"काठोकाठच ना? भरते!"

दुसऱ्या दिवशी तांड्यातली झाडून सगळी माणसं पाट्या घेऊन किनाऱ्यावर उतरली. भरतीच्या वेळी नाखुदा पागोटं सावरत दरबारात धावत आला.

"महाराज! या मुलीनं माझ्या गलबतात वाळू भरली! वाळू! अहो, मी वाळवंटातला माणूस! ही घेऊन गेलो तर बायको घरात घेणार नाही! पुढच्या साली मी शेजारच्या बंदरात जातो कसा. तिथं हळद मिळते, गूळ मिळतो!"

राजाचा चेहरा लालबुंद झाला. "राही! ही थट्टा?"

राहीने गरीब चेहरा करून हात जोडले. "थट्टा कशी, महाराज? बैल नाही, पोतं नाही आणि गलबत काठोकाठ! मासळी शहरानंच खाल्ली. मग समुद्रानं दिलेलं जे उरलं, ते भरलं. खारं पाणीही देत होते, नाखुदाच नको म्हणाले!"

राजा इतका हसला, इतका हसला, की सिंहासनाचा लोड खाली पडला.

"उघडा वेस! आणि राही, वेशीलगतचं माझं कुरण आजपासून तुझ्या तांड्याचं. मात्र दरसाल पहिलं गलबत तूच भरायचं. वाळू सोडून!"